बाटली बदलली आणि अभिक्रिया बंद पडली: माझा उत्प्रेरक नक्की कोण?

प्रयोगवही
नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, विषय ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगं आणि उत्प्रेरण. गेले दहा दिवस एकाच गोष्टीने डोकं पोखरलंय, म्हणून इथे मांडते.

अभिक्रिया साधीच आहे. आयोडोबेंझीन आणि पायराझोल जोडून कार्बन-नायट्रोजन बंध तयार करायचा. उत्प्रेरक म्हणून फेरिक क्लोराइड (लोखंडाचा क्षार) १० मोल टक्के (दर शंभर रेणूंमागे दहा), सोबत डायमिथाइल इथिलिनडायअमिन हा लिगंड (धातूला धरून राहणारा रेणू), पोटॅशियम फॉस्फेट बेस, टोल्युईन, सीलबंद नळीत १३५ अंशांना रात्रभर. जुन्या बाटलीतलं फेरिक क्लोराइड ९८ टक्के शुद्धतेचं होतं. आठ वेळा केली, आठही वेळा यील्ड (शक्य तेवढ्या मालापैकी हाती आलेला) ८० टक्क्यांच्या आसपास. बाटली तळाला आली म्हणून नवी मागवली, ९९.९९ टक्क्यांची. तीच मी, तेच सॉल्व्हंट, तोच ऑइल बाथ. यील्ड ९ टक्के. पुन्हा केली, ११. टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी प्लेट) आयोडोबेंझीनचा ठिपका जसाच्या तसा बसलेला.

लोखंडाने हे काम होतं, यावर माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण उभं आहे. पॅलेडियम महाग आणि दुर्मीळ, लोखंड मुबलक आणि त्यामानाने निरुपद्रवी, असं मी प्रस्तावनेत लिहूनही ठेवलंय. आता प्रश्न दोन. हे नक्की काय चाललंय, ते शोधायचं कसं? आणि काम लोखंड करतच नव्हतं ही शंका खरी ठरली तर त्या प्रकरणाचं काय करायचं?

काजवा
ताई, मी वाणिज्य शाखेचा माणूस. शुद्ध माल आणला आणि काम थांबलं, एवढंच कळलं आणि तेच फार भारी वाटलं. पण ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगाल का? उत्प्रेरकाची शाळेतली व्याख्या आठवते: स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवतो तो.

प्रयोगवही
काजवा, नक्की. ज्या रेणूत धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध असतो, ते ऑर्गॅनोमेटॅलिक संयुग. मीठ-खडूतले धातू वेगळे, हे वेगळे. एडवर्ड फ्रँकलंडने १८४९ साली जस्ताला इथाइल गट जोडून डायइथाइल झिंक बनवलं. ते हवा लागताच पेट घेतं. म्हणून आमची निम्मी हयात हवा लागू न देणाऱ्या उपकरणांवर, श्लेंक लाइनवर आणि ग्लव्ह बॉक्समध्ये हात घालून जाते.

शाळेतल्या व्याख्येत मात्र एक अडचण आहे. उत्प्रेरक बदलत नाही, असं नाही. तो बदलतो, आणि शेवटी परत पूर्वीसारखा होतो. पॅलेडियमचं उदाहरण घ्या. पॅलेडियमचा अणू आधी कार्बन-आयोडीन बंधात शिरतो, बंध तुटतो आणि दोन्ही तुकडे त्याला चिकटतात. मग आयोडीन निघून त्याच्या जागी दुसरा जोडीदार येतो. आता ज्यांना जोडायचं ते दोघे एकाच धातूवर शेजारी शेजारी आहेत. ते एकमेकांना धरतात आणि बाहेर पडतात, धातू मोकळा होतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं ते याच कुळातल्या अभिक्रियांसाठी.

सदाफुली
म्हणजे मध्यस्थच की. दोघांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो.

प्रयोगवही
सदाफुलीताई, जवळपास. फरक एवढाच की मध्यस्थ बाहेर उभा राहून बोलणी करतो. इथे धातू स्वतः दोघांशी बंध करतो, मगच ते एकमेकांचे होतात. आणि लिगंड ठरवतो की धातूवर जागा किती, कोणाला, कुठल्या बाजूने.

निवृत्त_केमिस्ट
मूळ प्रश्नाकडे येतो. पोरी, तुझा लिगंड वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. डायमिथाइल इथिलिनडायअमिन हा तांब्याचा जुना सोबती आहे. तांब्याने अमिनाला बेंझीनच्या कड्यावर बसवायचं काम इर्मा गोल्डबर्गने १९०६ साली दाखवलं. पुढे हे डायअमिन लिगंड आले आणि तीच अभिक्रिया कितीतरी सौम्य परिस्थितीत होऊ लागली. फेरिक क्लोराइडच्या ९८ टक्क्यांच्या बाटलीत उरलेले दोन टक्के काय आहेत, हे विचारलंस का कधी? त्यात बरंचसं पाणी असेल, पण बाकीचं? मला तांब्याचा वास येतोय.

आणि घाबरू नकोस. या क्षेत्रातला सर्वांत मोठा शोध अशाच भेसळीतून निघाला. १९५३ साल, जर्मनीतलं म्यूल्हाइम. कार्ल झीग्लरच्या संस्थेत इथिलीन आणि ट्रायइथाइल ॲल्युमिनियम तापवून लांब साखळ्या वाढवायचं काम चालू होतं. एके दिवशी साखळी वाढेचना. दोन इथिलीन जोडले की गाडी थांबायची आणि हातात नुसतं ब्युटीन यायचं. आपण असतो तर भांडं घासून पुन्हा प्रयोग लावला असता. त्यांनी कारण खणून काढलं: पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भांड्यात) राहून गेलेला निकेलचा अंश. मग झीग्लरने उलटा प्रश्न विचारला. निकेलचा कण एवढं करतो, तर बाकीचे धातू काय करतील? एकेक धातूचं संयुग घालून बघितलं. झिर्कोनियमने साखळी वाढवली, टायटॅनियमने तर कमाल केली. ज्या पॉलिथिलीनला आधी हजाराहून जास्त वातावरणांचा दाब लागायचा, ते साध्या दाबाला बनू लागलं. जूलिओ नात्ताने पुढच्याच वर्षी त्याच वाटेने पॉलिप्रॉपिलीन नेलं. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून.

तुझ्या नऊ टक्क्यांकडे त्या नजरेने बघ.

काजवा
काका, हे वाचून अंगावर काटा आला.

तिसरी_घंटा
मी थोडा वेगळा सूर लावतो. मी कारखान्यात प्रोसेसवर आहे. आमच्याकडे प्रश्न एकच: काम होतंय का, आणि पुढच्या बॅचला होईल का. जुन्या प्रतीच्या फेरिक क्लोराइडने ८० टक्के येतात ना? मग पेपरात तेवढं लिहा: अमुक प्रतीचं फेरिक क्लोराइड वापरलं. लोखंड करतं की लोखंडातला पाहुणा करतो, याने तयार मालात काय फरक पडतो? संशोधक मंडळी कधी कधी नावासाठी फार भांडतात, असं माझं प्रामाणिक मत.

कोरा_कागद
तिसरी_घंटा, सपशेल असहमत. तुमच्याच भाषेत सांगतो. पुढच्या बॅचला होईल का, याचं उत्तर पाहुणा कोण हे कळल्याशिवाय देताच येत नाही. तिने बाटली बदलली आणि बॅच मेली, हेच तर झालंय.

प्रयोगवही, तुझ्या बाबतीत तर हा रस्ता आधी मळलेला आहे. २००७ मध्ये कार्स्टन बोल्मच्या गटाने फेरिक क्लोराइड आणि हाच लिगंड वापरून नायट्रोजन जोडल्याचं प्रसिद्ध केलं. २००९ मध्ये त्याच बोल्मने स्टीफन बुखवाल्डबरोबर मिळून लिहिलं की फेरिक क्लोराइडच्या अशा काही अभिक्रियांमध्ये तांब्याचे अंश मोठी भूमिका बजावत असावेत, आणि तांबं काही पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक) असलं तरी पुरतं. ज्याने दावा केला, तोच तपासणीच्या पेपरावरही आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

अजून दोन. निकोलस लेडबीटरच्या गटाने २००३ मध्ये धातूशिवाय सुझुकी अभिक्रिया होते असं लिहिलं. २००५ मध्ये त्यांनीच पुन्हा तपासून सांगितलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या घरात पॅलेडियम होतं. पीपीबी म्हणजे अब्जात एक! आणि क्रोमियम क्लोराइडची नोझाकी-हियामा अभिक्रिया. तिचं यश कुठल्या बाटलीतलं क्रोमियम घेतलं यावर अवलंबून असायचं. १९८६ मध्ये नोझाकी आणि किशी या दोघांच्याही गटांना स्वतंत्रपणे कारण सापडलं: निकेल. आज त्या अभिक्रियेत निकेल मुद्दाम, मोजून घालतात. पाहुण्याला ओळखलं आणि घरचा केला.

तिसरी_घंटा
मोजून घालतात, हा मुद्दा पटला. मोजता येत असेल तर माझी तक्रार नाही.

प्रयोगवही
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, लिगंडचं वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते. तो लिगंड मी जुन्या पेपरातून उचलला होता, का चालतो याचा विचार केलाच नव्हता. आणि २००९ चा तो पेपर मी आजवर वाचला नव्हता, हे लिहिताना फार वाईट वाटतंय. २००७ चा मात्र तोंडपाठ आहे.

गाइडांशी बोलले. त्यांचं म्हणणं, आधी जुन्या प्रतीची बाटली मागव, पेपर पाठवून दे, मग बघू. मला ते पचत नाहीये.

सदाफुली
थोडं अवांतर, पण हा धागा मला अगदी जवळचा झालाय म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना पार्किन्सन होता. शेवटची अकरा वर्षं ते लेव्होडोपावर होते. गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने त्यांची बोटं शर्टाच्या बटणापर्यंत नीट जायची. आम्ही घड्याळ लावून बसायचो. लेव्हो म्हणजे डावा, इतकंच मला ठाऊक होतं. या गोळीचा आणि तुमच्या उत्प्रेरकांचा काही संबंध आहे का?

कोरा_कागद
सदाफुलीताई, अवांतर अजिबात नाही, अगदी आतलं आहे. डोपाचे दोन रेणू असतात, डाव्या-उजव्या हातासारखे, आरशातली प्रतिमा असलेले. औषध म्हणून त्यातला एकच उपयोगी. साध्या पद्धतीने बनवलं की दोन्ही निम्मे निम्मे येतात.

जेफ्री विल्किन्सनने १९६० च्या दशकात ऱ्होडियमचं एक गडद लाल संयुग दिलं. धातूवर तीन ट्रायफिनाइल फॉस्फिन (फॉस्फरस असलेले लिगंड) आणि एक क्लोरीन. ते द्रावणात विरघळून हायड्रोजन जोडतं. विल्यम नोल्सने विचार केला, या फॉस्फिनच्या जागी स्वतःच डावा-उजवा असलेला फॉस्फिन बसवला तर? १९६८ च्या पहिल्या प्रयोगात एका हाताचं आधिक्य जेमतेम १५ टक्के आलं. पण काहीतरी वळतंय, एवढं त्याला दिसलं. लिगंड बदलत बदलत ते ९५ टक्क्यांपर्यंत गेलं आणि लेव्होडोपा कारखान्यात त्या पद्धतीने बनू लागलं. २००१ च्या नोबेलमध्ये नोल्सबरोबर नोयोरी आणि शार्पलेस होते. वडिलांची नेमकी गोळी कुठल्या पद्धतीने बनली होती हे मी सांगू शकत नाही, पण त्या रेणूचा हात ठरवायचं काम एकेकाळी ऱ्होडियमच्या एका अणूने केलं, हे खरं.

सदाफुली
धन्यवाद. हे उत्तर लिहून ठेवलंय. आईला वाचून दाखवणार आहे.

निवृत्त_केमिस्ट
औषधाचा विषय निघालाच आहे, तर तिसरी_घंटा यांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर देतो. पाहुणा कोण, हे कळणं गोळी खाणाऱ्यासाठीही गरजेचं आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे. ऱ्होडियम, इरिडियम, रूथेनियम यांनाही तीच. तांब्याला बरीच सैल, ३००० मायक्रोग्रॅम. शेवटच्या पायरीला पॅलेडियम वापरलं की ते काढायला कधी कोळसा, कधी गंधकाचे गट लावलेली सिलिका, सगळं करून झालंय. एकदा पांढरीशुभ्र व्हायला हवी ती पावडर राखाडी आली होती. आम्ही आठवडाभर गाळत होतो.

गणोबा
वाचनखूण साठवली. एक शंका: बाटलीवरच का संशय? काचेच्या नळीत, चमच्यात धातू राहत नसेल?

कोरा_कागद
गणोबा, बरोब्बर. चमचा तर आहेच, पण मोठा गुन्हेगार मॅग्नेटिक बीड. ढवळायचा तो पांढरा टेफ्लॉनचा कॅप्सूल. २०१९ मध्ये व्हॅलेंटिन अनानिकोव्हच्या गटाने वापरलेल्या बीड सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. पृष्ठभागावर ओरखडे, भेगा, आणि त्यांत अडकलेले पॅलेडियम-प्लॅटिनमसारख्या धातूंचे कण. घासून, धुऊनही निघत नाहीत. पुढच्या प्रयोगात तेच कण काम करून जातात आणि नाव भलत्याचं लागतं.

प्रयोगवही
हे वाचून लगेच लॅबमधला बीडचा डबा उघडला. तीसेक बीड होत्या. खिडकीशी नेऊन एकेक बघितली. पाच-सहा पांढऱ्या. बाकी कुठे टोकाला करडी कड, कुठे मधल्या कड्याशी काळसर रेघ, एक तर पूर्ण तपकिरी. नखाने खरवडलं तरी डाग हलत नाही. चार वर्षं मी याच डब्यात हात घालून हाताला येईल ती उचलतेय.

निवृत्त_केमिस्ट
अम्लराजात (धातू विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात) ठेवून बघता येतील, पण निर्णायक प्रयोगाला नवी बीड आणि नवी नळी घे. यात कंजुषी नको.

काजवा
हे सगळं हाताळताना धोका किती असतो? फ्रँकलंडचं पेटणारं जस्त डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त_केमिस्ट
पेटणारं दिसतं तरी. न दिसणारं जास्त वाईट. लुडविग माँडने १८९० मध्ये दाखवलेलं निकेल कार्बोनिल निकेल शुद्ध करायला अप्रतिम, पण त्याची वाफ जीवघेणी. आणि कॅरेन वेटरहान यांचं नाव प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगावं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये प्राध्यापक, विषारी धातूंच्याच अभ्यासक. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब हातमोज्यावर पडले. मोजे लेटेक्सचे होते, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे पुरेसे. ते द्रव लेटेक्समधून काही सेकंदांत पार जातं. लक्षणं दिसायला महिने लागले, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. धातूला कार्बनचे गट लागले की तो चरबीत विरघळतो आणि शरीरात कुठेही पोचतो, हे विसरायचं नाही.

गणोबा
पण ब१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट-कार्बन बंध असतो ना? म्हणजे आपल्या शरीरातही एक ऑर्गॅनोमेटॅलिक आहेच.

कोरा_कागद
आहे. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी तो रेणू उलगडला, १९६४ चं नोबेल. स्फटिक गडद लाल असतात. धातू-कार्बन बंध म्हणजे विष, असं सरसकट समीकरण नाही.

आता मूळ कामाकडे. प्रयोगवही, मी तुझ्या जागी असतो तर जुन्या बाटलीचा उरलेला तळ आधी आयसीपी-एमएसला (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राला) पाठवला असता. नव्या बाटलीचाही, बेसचाही. पण नुसता आकडा पुरावा नव्हे. धातू तिथे आहे एवढंच त्यातून कळतं, काम तोच करतो हे कळत नाही. त्यासाठी शुद्ध फेरिक क्लोराइडमध्ये मोजून तांबं घाल, यील्ड परत येतं का बघ. आणि लोखंड अजिबात न घालता फक्त तेवढंच तांबं, ही नळी विसरू नकोस. सगळं उत्तर त्या नळीत आहे.

तिसरी_घंटा
आणि प्रत्येक नळी तीनदा. एकदा आलेला आकडा म्हणजे आकडा नव्हे.

प्रयोगवही
साडेतीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

जुन्या बाटलीत तांबं २०० पीपीएम निघालं. नव्या बाटलीत यंत्राच्या मर्यादेखाली. पॅलेडियम दोन्हीत नाही.

एवढंसं तांबं वजनकाट्यावर मोजता येत नाही. क्युप्रिक क्लोराइडचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, द्रावण केलं, ते शंभरपट पातळ, मग पुन्हा शंभरपट. शेवटच्या फ्लास्कात रंगाचा मागमूस नव्हता, डोळ्यांना निव्वळ सॉल्व्हंट. त्यातला मोजका भाग नव्या नळीत घेतला, सॉल्व्हंट उडवला, वर बाकीचं घातलं, नवी बीड. प्रत्येक नळी तीनदा.

शुद्ध लोखंड एकटं, नव्या बीडवर: ३, २, ४. म्हणजे आधीच्या नऊ-अकरामध्येही जुन्या बीडचा हात असणार. शुद्ध लोखंड आणि तांबं: ७९, ८१, ७८. लोखंडाशिवाय फक्त तांबं: ७६, ८०, ७७.

तिसऱ्या ओळीतली पहिली नळी उघडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. टीएलसी प्लेट यूव्हीखाली धरली, आयोडोबेंझीनच्या जागी जवळपास काही नव्हतं. मी प्लेट तशीच धरून उभी राहिले. वाईट वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

गणोबा
हिशोब करून बघितला. १ मिलिमोलला १० टक्के फेरिक क्लोराइड म्हणजे साधारण १६ मिलिग्रॅम. त्यात २०० पीपीएम तांबं म्हणजे ३.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०५ मायक्रोमोल. यील्ड ८० टक्के धरलं तर तांब्याच्या एकेका अणूने सरासरी १६ हजार रेणू जोडले. एका रात्रीत!

काजवा
१६ हजार!! आणि नाव लागलं होतं लोखंडाला.

निवृत्त_केमिस्ट
शाब्बास. तिन्ही ओळी जशाच्या तशा प्रबंधात जाऊ देत. गाइड काय म्हणाले?

प्रयोगवही
काका, तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या पेनाने प्रकरणाच्या शीर्षकातलं लोखंड खोडलं आणि विचारलं, फक्त तांबं घेतलं तर तापमान किती खाली आणता येईल? कालपासून ११० अंशांच्या नळ्या लावल्यात. ब्रोमोबेंझीनवर चालेल का तेही बघायचंय, तिथे बंध तोडणं जड जातं.

तिसरी_घंटा
११० ला उतरलं तर इथे नक्की लिहा. आमच्याकडे १३५ ला भांडं तापवून ठेवायचं म्हणजे किती खटाटोप असतो, ते मला विचारा. आणि लिगंड निम्मा करून बघा, तांबं इतकं कमी असताना तो इतका लागू नये.

प्रयोगवही
लिगंडचं डोक्यात आलं नव्हतं. उद्या सकाळी त्याच्या तीन नळ्या लावते.